नऊ डब्यांवरून चार डब्यांवर

दसऱ्याचं सोनं वाटून झालं, देवापुढची आपट्याची पानं सुकायला लागली की बायकांच्या बोलण्यात एकच विषय. "भाजणी दळून आणलीत का?" "चकलीला कधी बसणार?" "तुमचं काय काय झालं?" बाजारात भेटा, स्टेशनच्या पुलावर भेटा नाहीतर दवाखान्याच्या बाकावर, हेच! आणि त्याला ठरलेलं उत्तर असतं, "होतंय हळूहळू." त्या 'हळूहळू'त किती गुडघे, किती मनगटं आणि किती रात्रींची झोप गेलेली असते, ते कुणी विचारत नाही. आणि आपणही सांगत नाही.

आज तेच बोलू या, मैत्रिणींनो. वय झालं, अंगातली ताकद ओसरली की सणाचा पसारा आवरायचा कसा? आणि आवरताना मनाला जे लागतं, त्याचं काय करायचं?

मी भिसेगावची. कर्जत स्टेशनच्या अगदी जवळचं आमचं गाव. १९८० साली लग्न होऊन इथे आले. यजमान रेल्वेत होते. घरात सासू-सासरे, दोन दीर, सणाला माहेरी येणाऱ्या नणंदा आणि त्यांची मुलं. फराळाचे डबे नऊ! बेसनाचे लाडू, रव्याचे लाडू, चकली, कडबोळी, शेव, चिवडा, करंजी, शंकरपाळे आणि अनारसे. पत्र्याचे मोठे डबे, आतून वर्तमानपत्र लावलेले. सासूबाई एकेक डबा भरला की फळीवर ठेवायच्या आणि नववा डबा फळीवर गेला की पदराला हात पुसून म्हणायच्या, "आली दिवाळी."

त्या डब्यांमागचं काम आज तरुण मुलींना सांगितलं तर खोटं वाटेल. एकट्या अनारशांचंच घ्या. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. मग उपसून कपड्यावर सावलीत पसरायचे. अगदी कोरडे होऊ द्यायचे नाहीत, अंगात थोडी ओल असतानाच कुटायचे, चाळायचे. त्यात गूळ आणि थोडं तूप घालून मळायचं आणि तो गोळा डब्यात दाबून चार-सहा दिवस मुरत ठेवायचा. मग खसखशीवर थापायचा आणि खसखशीची बाजू वर ठेवून मंद आचेवर तळायचा. उलटायचा नाही. झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचं. गूळ जास्त झाला किंवा आच चुकली की अनारसा कढईत 'हसतो', म्हणजे विरघळून पसरतो. आठ-दहा दिवसांचं हे काम, आणि खायला दोन मिनिटं!

पण खरं सांगू? त्या दिवसांत थकवा आठवत नाही. चार बायका एका चुलीभोवती असायच्या. एक लाटायची, एक भरायची, एक तळायची आणि एक नुसतीच बोलायची. पुढे सासूबाई गेल्या, दीर वेगळे झाले, नणंदांची वयं झाली, त्यांचं येणं कमी झालं. माणसं एकेक करून कमी झाली, पण डबे नऊच राहिले. चौघींचं काम एकीच्या अंगावर कधी येऊन पडलं, ते कळलंच नाही.

शरीर काय सांगतं

साठी ओलांडल्यावर शरीर कुरकुरायला लागलं. आधी अंगठा. सोऱ्या फिरवताना अंगठ्याच्या मुळाशी कळ यायची. डॉक्टर म्हणाले, पाळी गेल्यानंतर बायकांमध्ये हा त्रास बराच आढळतो, तिथला सांधा झिजतो. मग गुडघे. जमिनीवर बसून शंकरपाळे लाटले की उठताना ओट्याला धरून उठायचं. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे दम. बेसन भाजताना पूर्वी तासभर हात थांबत नसे, आता दहा मिनिटांत खांदा भरून यायला लागला.

वय वाढतं तसे स्नायू कमी होत जातात. चाळिशीच्या आसपास ही झीज सुरू होते आणि साठीनंतर तिचा वेग वाढतो. यात कुणाचा आळस नाही की दोष नाही. पण इथे एक गोष्ट प्रत्येकीने गाठ मारून ठेवावी. दमायला लागलो म्हणजे वय झालं, असं परस्पर ठरवून मोकळं होऊ नये. मी तपासण्या करून घेतल्या तेव्हा हिमोग्लोबिन कमी निघालं आणि बी-१२ सुद्धा. औषधं सुरू केल्यावर दोन-तीन महिन्यांत फरक पडला. थायरॉइड, साखर, रक्तदाब हेही बघून घ्यावं. आणि जिना चढताना नव्याने धाप लागत असेल, उगाच घाम फुटत असेल, छातीत नव्हे पण पाठीत-जबड्यात दुखत असेल तर फराळ राहू दे बाजूला, आधी दवाखाना गाठा. बायकांच्या हृदयविकारात छातीतली ती ठरावीक कळ प्रत्येक वेळी येतेच असं नाही. दिवाळीच्या गडबडीत "नंतर बघू" म्हणणाऱ्या आपणच असतो!

औषधांनी रक्त वाढलं. पण गुडघे काही विशीतले झाले नाहीत. तेव्हा प्रश्न उरलाच.

"आई, विकत आणू या ना"

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. सून ठाण्याला नोकरी करते. सकाळची लोकल पकडायची, ती रात्री साडेआठला घरात. नवरात्रात एकदा जेवताना ती म्हणाली, "आई, या वर्षी फराळ सगळा विकत आणू या ना."

साधं वाक्य. पण घास घशात अडकला. 'सगळा विकत' म्हणजे आता माझी काय गरज? चाळीस-बेचाळीस वर्षं या घराची दिवाळी माझ्या हाताने झाली. कुणाच्या घरी गेले की "काकू, तुमच्या चिवड्याची चव कुणाला नाही" हे ऐकायची सवय झालेली. आपल्याकडे बाईला पगार नाही, बढती नाही, निवृत्ती नाही. तिच्या कामाची पावती म्हणजे हे असलं एखादं वाक्य. तेच कुणी काढून घेतंय असं वाटलं. दोन दिवस घरात भांडी जरा जोरात आदळली, हे मी नाकारत नाही.

तिसऱ्या दिवशी सून रात्री माझ्या खोलीत आली, पलंगावर टेकली आणि म्हणाली, "आई, मला तुमच्या हातचा फराळ नको असं नाही. मला तुम्ही पाडव्याच्या दिवशी अंथरुणावर नको आहात."

त्याआधीच्या दोन्ही दिवाळ्यांत तसंच झालं होतं. नऊ डबे भरले आणि पाडव्याला मी कंबर शेकत पडून. नातू दारात फटाके उडवत होता आणि "आजी बघ ना" म्हणून हाका मारत होता. मी आतून "हो हो" म्हणत होते. सुनेने ते पाहिलं होतं. तिला डबे मोजायचे नव्हते, माणूस मोजायचं होतं.

यजमान बाजूच्या खुर्चीत पेपर वाचत होते. ते म्हणाले, "अगं, घाट चढताना गाडीला कर्जतला मागून बँकर इंजिनं लावतातच की. त्यात पुढच्या इंजिनाचा कमीपणा असतो का?" जन्मभर रेल्वेत काढलेल्या माणसाला दुसरी उपमा सुचायची नाही! आम्ही दोघी हसलो. मात्र लगेच पुढे म्हणाले, "फक्त अनारसे तेवढे कर हो." घ्या!

दोन प्रश्न आणि नऊ डबे

मग आम्ही वही घेऊन बसलो. प्रत्येक डब्यापुढे दोनच प्रश्न लिहिले. हे कोण खातं? आणि हे नसलं तर कुणाला चुकल्यासारखं होईल?

कडबोळी सासूबाईंना आवडायची. त्या जाऊन बारा वर्षं झाली. तुळशीच्या लग्नापर्यंत तो डबा अर्धा भरलेलाच असे. रव्याचे लाडू मोठ्या नणंदेसाठी व्हायचे, तिला आता साखर वर्ज्य. शेव नुसती कुणी खात नाही, ती चिवड्यात पडते. मुलाला बेसनाचा लाडू लागतो. नातू शंकरपाळे खिशात भरून खेळायला जातो. चिवड्याशिवाय तर आमच्याकडे पाहुण्याला चहा देताच येत नाही. करंजी नैवेद्याला हवीच, पण देवाला अकरा पुरतात, एकशे अकरा लागत नाहीत!

असं करता करता हिशेब लागला. घरी करायचे डबे चार. चिवडा, बेसनाचे लाडू, शंकरपाळे आणि अकरा करंज्या. चकली आणि शेव बचत गटातल्या एकीकडून विकत. कडबोळी, रव्याचे लाडू आणि अनारसे बंद.

बंद हा शब्द लिहिताना सुनेचा हात थांबला होता. मीच म्हटलं, "लिही."

विकतचं म्हणजे कमी का?

विकतचा फराळ म्हटलं की आपण नाक मुरडतो. पण जरा विचार करा. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्यातून 'लिज्जत' उभं राहिलं. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी मुंबईच्या गिरणगावातल्या खानावळ चालवणाऱ्या बायकांना एकत्र करून 'अन्नपूर्णा महिला मंडळ' काढलं. सावकाराच्या कचाट्यातून सुटून त्या बायकांना बँकेचं कर्ज मिळू लागलं. हाताच्या चवीवर घर चालवणाऱ्या अशा बायका आज प्रत्येक तालुक्यात आहेत. आपण चकली विकत घेतो तेव्हा कुणाची तरी फी भरली जाते. आमची चकलीवाली आधी विचारते, "काकू, ओवा जास्त घालू की तीळ?" मग ती चकली परकी कशी?

आणि परंपरा म्हणाल तर तीही एकसारखी कुठे असते? कोकणात आणि गोव्यात नरकचतुर्दशीला पहाटे कारीट फोडायचं आणि पोहे खायचे, ही जुनी रीत. दिवाळीच्या सुमाराला भात कापणीला आलेलं असतं, नव्या भाताचे पोहे कांडायचे. दुधातले, ताकातले, गुळाचे, फोडणीचे, दडपे. गोव्यात आजही दिवाळी म्हटली की अशा पाच-सहा तऱ्हांचे पोहेच आधी आठवतात. आमच्या आजेसासूबाई सांगायच्या, त्यांच्या लहानपणी दिवाळी म्हणजे पोहे आणि फार तर एखादं तळण. पुढे हाती पैसा आला, साखर-तूप-मैदा सहज मिळू लागला, आणि डबे वाढले. १९७० मध्ये कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' आलं. त्यातल्या वाटी-चमच्याच्या मापांनी नवशिकीलाही पदार्थ जमायला लागले. म्हणजे ज्याला आपण 'पूर्वापार' म्हणतो, त्यातलं बरंचसं दोन-तीन पिढ्यांचं. वाढवलं आपणच, तर कमी करायलाही आपल्याला कुणाची परवानगी लागू नये.

कर्जत म्हणजे भाताचा तालुका. इथल्या संशोधन केंद्राने काढलेली भाताची वाणं कर्जतचंच नाव लावून दूरदूर गेली. तेव्हा आता आमच्याकडे नरकचतुर्दशीला पहाटे पोह्यांचे तीन प्रकार होतात. गुळाचे मी करते, दडपे सून करते, फोडणीचे मुलगा करतो. अर्ध्या तासात सगळं तयार, आणि गरम!

मुलगा करतो, यावर शेजारी एकदोघींच्या भुवया वर गेल्याच. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात आलंय की घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ८८ मिनिटं. हे रोजचं झालं. सणासुदीचं कुणी मोजलं तर काय निघेल? आमचे यजमान आता शंकरपाळे कापतात. कातण्याने रेघा अशा सरळ मारतात, जसे काही रूळच टाकतायत!

नाताळातही तेच

माझी एक शाळेपासूनची मैत्रीण वसईला असते, ख्रिस्ती आहे. दिवाळी झाली की तिचा फोन येतो आणि डिसेंबरात माझा जातो. तिच्याकडेही हेच. नाताळाच्या आधी दोन आठवडे घर साफ करा, चांदणी लावा, येशूजन्माचा गोठा मांडा, केक करा, आपल्या करंजीसारख्या नेवऱ्या करा, कणकेचे छोटे गोळे काट्यावर किंवा कंगव्यावर दाबून वळायचे ते कलकल तळा. आणि मग ताटं भरून शेजारीपाजारी पाठवा. सत्तरीला आलेली ती मागच्या वर्षी म्हणाली, "मिस्साला वेळेवर जायची ताकद उरायला नको? ज्याच्यासाठी सण, त्याच्याच वेळी मी खुर्चीत पेंगतेय!"

तिने काय केलं? कलकल एकटीने करायचे बंद केले. आता एका दुपारी गल्लीतल्या पाच-सहा जणी तिच्या ओट्यावर बसतात, एकत्र वळतात, वाटून नेतात. गोठा मांडायचं काम नातवंडांकडे दिलं. मेंढ्या वाकड्या उभ्या राहतात, पण राहतात. धर्म वेगळा, पदार्थ वेगळे, गुडघे मात्र सारखेच!

गौरी-गणपतीचंही असंच. आमच्या भागात कितीतरी घरी पाच दिवसांचा गणपती दीड दिवसावर आला. घरात करणारं माणूस राहिलं नाही, वय झालं, म्हणून. घरच्या गुरुजींना विचारून, देवापुढे नारळ ठेवून बदल करता येतो. देव भक्ताचा सांधेदुखीचा हिशेब ठेवत नसेल असं मला वाटत नाही.

काय कमी करायचं नाही

पण कमी करताना एक गोष्ट मी हट्टाने तशीच ठेवली. देण्याची ताटं. पूर्वी बावीस घरी फराळाचं ताट जायचं. आता बारा घरी जातं. गाळली ती घरं जिथून तशाच चकल्या आपल्याकडे येतात आणि आपल्या तिकडे जातात. ठेवली ती घरं जिथे आपलं ताट गेलं नाही तर दिवाळीच जात नाही. कोपऱ्यावर एकट्या राहणाऱ्या आजी. यंदा ज्यांच्याकडे दुःख झालंय आणि तळण करत नाहीत, ती दोन घरं. आणि डोंगराकडच्या वाडीवरून पावसाळ्यात रानभाज्या घेऊन येणारी आमची ठाकरीण मावशी. पहिल्या वर्षी तिला लहान पुडा देताना मला संकोच झाला. तिने तो हातात तोलला आणि म्हणाली, "काकू, आता तुमी बी थकल्या. माजं बी टोपलं लहान झालंय बगा." दोघी थकलेल्या बायका पायरीवर बसून चहा प्यायलो. नऊ डब्यांच्या दिवाळीत तिच्याशेजारी बसायला मला कधी वेळच झाला नव्हता.

अनारशांचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. दुसऱ्या वर्षी सुनेनेच हट्ट धरला, "पाव किलोचे करून बघू, पण मी करणार, तुम्ही खुर्चीत बसून सांगायचं." मी सांगितलं, तिने केलं. पहिला अनारसा कढईत हसला. दुसराही हसला. मग आम्हीही हसलो. शेवटचे पाच जमले. यजमानांनी त्यातले दोन खाल्ले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. गेल्या वर्षी ते झाले नाहीत, सुनेला सुट्टी नव्हती. यंदा होतील की नाही, माहीत नाही. फळीवर अनारशाचा डबा नाही याचं आजही वाईट वाटतं. ते वाटणारच. सगळी कमी भरून निघते असं मी म्हणणार नाही. पण वाईट वाटणं आणि झोपून राहणं यातलं एक निवडायचं असेल, तर मी वाईट वाटणं निवडीन.

एवढं करून बघा

• सणाच्या महिनाभर आधी वही घेऊन घरातल्या सगळ्यांबरोबर बसा. एकटीने ठरवू नका, नाहीतर एकटीनेच करावं लागेल.

• एका दिवशी एकच पदार्थ. तळण असेल त्या दिवशी दुसरं जड काम नको.

• जमिनीवर बसू नका. टेबल-खुर्चीवर लाटा. बेसन भाजायला दोघांनी आळीपाळीने हात लावा.

• उकळत्या तेलाची कढई भरलेली असताना उचलू नका. चक्कर येत असेल, डोळ्यांना कमी दिसत असेल तर तळण दुसऱ्याकडे द्या.

• विकतची मागणी लवकर नोंदवा. करणारीलाही गुडघे आहेत!

• जे बंद करताय त्याची कृती लिहून ठेवा. आपल्या शब्दांत, आपल्या वाटीच्या मापाने.

• आणि "या वर्षी एवढंच केलंय" हे हसून सांगायला शिका. सबब सांगू नका. आजारपणाची यादी वाचू नका. एवढंच केलंय, घ्या, गोड माना.

सण आपल्यासाठी असतो की आपण सणासाठी, हा वाद जुना आहे. माझ्यापुरतं उत्तर सोपं झालंय. पाडव्याला मी उभी असते, नवी साडी नेसलेली असते आणि नातवाने हाक मारली की बाहेर जाते. तुमच्या घरातला कोणता डबा आता फक्त सवयीने भरला जातोय? या वर्षी एकदा उघडून बघा, आणि घरच्यांनाही विचारा.